लोडरची जागा

शेजारच्या आजोबांनी माझ्या रणगाड्याच्या मॉडेलच्या टरेटमध्ये, म्हणजे तोफ धरणाऱ्या फिरत्या घुमटात, डाव्या झाकणातून हात घातला, बोटांनी चाचपून पाहिलं आणि विचारलं, "मग लोडर कुठे उभा राहायचा?" मी त्यांना होतं ते सांगितलं. तिथे टरेट फिरवायची मोटार आहे, तिच्या मागे रिमोटचा रिसीव्हर आणि खाली बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. "हां, बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी हात बाहेर काढला, बोटाला लागलेलं ग्रीस रुमालाला पुसलं आणि मग आम्ही पावसाबद्दल, त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलत बसलो. चहा संपवून ते घरी गेले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, चूक काढायचा सूरही नव्हता. पण ऐंशी ओलांडलेला हा माणूस साठच्या दशकात पश्चिम जर्मनीत ब्रिटिश सैन्याच्या सेंच्युरियन रणगाड्यात लोडर, म्हणजे तोफेत गोळे भरणारा, होता. माझ्या गॅरेजात तो इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा आला आणि आल्या आल्या त्याने स्वतःची जागा शोधली. ती तिथे नव्हती.

तो प्रश्न त्या रात्री माझ्याबरोबर झोपायला आला.

मॉडेल एकास सहा प्रमाणातलं आहे आणि सगळं धातूचं. मूळ सेंच्युरियन तोफ पुढे रोखलेली असताना दहा मीटरच्या जरा आतबाहेर लांब भरतो, म्हणजे माझा दीड मीटरहून जास्त. रुंदी साधारण छप्पन्न सेंटिमीटर. आकड्यांत हे कळतं, पण अंगाला कळत नाही. अंगाला कळतं ते पहिला खोका दारातून आत ओढताना. असे सुटे भाग हप्त्याहप्त्याने येतात. आधी बुडाच्या अॅल्युमिनियमच्या जाड पाट्या, मग चाकं आणि स्प्रिंगा, मग पट्ट्याच्या कड्या आणि त्यांच्या पोलादी पिना, शेवटी ओतीव टरेट आणि तोफेची नळी. प्रत्येक खोका उघडला की मशिनच्या तेलाचा, नुकत्या कापलेल्या धातूचा तोच वास येई. त्या वासाने मी इंग्लंडमधल्या डर्बीतून उचलली जाऊन थेट नगरला, अण्णांच्या टर्निंगच्या शेडमध्ये जाऊन पडायची. पत्र्याची शेड, दुपारी तापलेली, लेथखाली निळसर झालेल्या चुऱ्याची वेटोळी, आणि अण्णा हाताचा अंगठा जॉबच्या कडेवरून हलकेच फिरवून पाहताहेत की बर, म्हणजे कापल्यावर उरलेली धारदार कड, राहिली आहे का. मला त्यांनी कानस धरायला शिकवली तेव्हा मी चौथीत असेन. "पुढे जाताना दाब, मागे येताना उचल," एवढंच ते म्हणायचे. मागे येताना घासलीस तर कानशीचे दात मरतात. आजही बुडाच्या पाट्यांच्या कडा मी तशाच मारल्या, पुढे दाबून आणि मागे उचलून. माझे दोन्ही अंगठे आता अण्णांच्या अंगठ्यांसारखे काळसर दिसतात. फोनवर आईला दाखवले तर ती म्हणाली, "बाई गं, तुझ्या बापाचे हात घेऊन आलीस."

प्लॅस्टिकची मॉडेलं मीही केली आहेत, एकास पस्तीसची, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तिथे जोडणं म्हणजे चिकटवणं. गोंद वाळला की ती वस्तू कायमची बंद होते, आत काय आहे ते बघायला ती फोडावी लागते. धातूच्या मॉडेलमध्ये प्रत्येक गोष्ट नट-बोल्टवर उभी असते, म्हणून प्रत्येक गोष्ट पुन्हा उघडता येते. एम-३चा बोल्ट, त्याखाली वायसर, बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना एक थेंब लॉकटाइट. पाना किती आवळायचा हे मनगटाला कळेपर्यंत हात घाबरत असतो, कारण अॅल्युमिनियमचे आटे पोलादी बोल्टपुढे फार लवकर हार मानतात. आणि मग एक दिवस मनगटाला ते कळतं. कसं कळतं हे सांगता येत नाही. अण्णांनाही सांगता यायचं नाही. ते नुसतं "बास" म्हणायचे.

सगळ्यात जास्त दिवस मी चाकांपाशी रेंगाळले. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूला चाकांच्या सहा जोड्या, आणि त्या दोन-दोन करून हॉर्स्टमान पद्धतीच्या तीन संचांवर बसवलेल्या. दोन चाकांचे दोन हात आणि त्यांच्यामध्ये आडव्या झोपवलेल्या स्प्रिंगा. एक चाक दगडावर चढलं की त्याचा हात स्प्रिंगेला रेटतो आणि स्प्रिंग दुसऱ्या चाकाला जमिनीकडे दाबते. गाडीच्या जुवाखाली एका बैलाने मान खाली घातली की दुसऱ्याच्या बाजूचं जू वर येतं, तसंच. पुस्तकात ही आकृती मी कितीतरी वेळा पाहिली होती. पण एक संच जोडून झाल्यावर पुढच्या चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि मागच्या चाकाखालच्या माझ्या तळहातावर तो दाब आला, तेव्हा ती आकृती खरी झाली. हे संच बुडाच्या बाहेरच्या अंगाला बोल्टने लावलेले असतात. त्यामुळे आतली जागा वाचते, आणि सुरुंगावर एखादा संच उडालाच तर तो सोडवून दुसरा चढवता येतो. म्हणजे रणगाडा मोडणार, हे धरूनच कुणीतरी कागदावर रेघ ओढली होती. १९४३ मध्ये हे आराखडे सुरू झाले. पहिले नमुने १९४५च्या मे महिन्यात युरोपात पोचले तोवर तिथलं युद्ध संपलं होतं. ज्या लढाईसाठी तो जन्मला ती त्याला मिळाली नाही. पुढच्या मात्र कितीतरी मिळाल्या. कोरिया, सिनाई, व्हिएतनाम, आणि आपल्याकडे पंजाब.

मी राहते त्या डर्बीशी याचं नातं इंजिनाचं. सेंच्युरियनच्या पोटात होतं ते डर्बीच्याच रोल्स-रॉइसचं मिटिओर, बारा सिलिंडरचं, २७ लिटरचं. स्पिटफायर विमानातल्या मर्लिन इंजिनाचा सुपरचार्जर काढून टाकला, त्याची ताकद जमिनीवर चालेल इतकी उतरवली आणि ते रणगाड्यात बसवलं. सेंच्युरियनमध्ये त्याची ताकद साडेसहाशे अश्वशक्ती. युद्धाच्या मधोमध रोल्स-रॉइस आणि रोव्हर या दोन कंपन्यांनी चक्क अदलाबदल केली. रोव्हरने जेट इंजिनाचं काम रोल्स-रॉइसला दिलं आणि मिटिओरचं काम स्वतःकडे घेतलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वयस्कर सहकाऱ्याने मला ही गोष्ट सांगितली होती, आणि सांगताना आपल्याच घरातलं एखादं लग्न कसं ठरलं ते सांगावं तसा त्याचा चेहरा खुलला होता. पन्नास टनांचं धूड ओढायला विमानाचं इंजिन, त्यामुळे पेट्रोल अफाट लागायचं. सुरुवातीचे सेंच्युरियन एकदा टाकी भरली की रस्त्यावरून जेमतेम शंभर किलोमीटर जात. पुढे मार्क ७ ही सुधारित आवृत्ती आली तेव्हा पेट्रोलची जागा वाढवली आणि इंजिनावरची झाकणंही बदलली. हा तपशील इथे उगाच आलेला नाही, शेवटी तो लागणार आहे.

माझ्या मॉडेलमध्ये मिटिओर नाही. दोन विजेच्या मोटारी आहेत, त्यांचे गिअरबॉक्स आहेत, आणि तो चालतो. पहिल्यांदा तो गॅरेजच्या सिमेंटवरून स्वतःच्या ताकदीने पुढे सरकला तेव्हा पट्ट्याच्या कड्यांचा जो आवाज झाला तो खेळण्याचा नव्हता. मूळ वजन ५१ टन. प्रमाण सहाचं, म्हणून घनाच्या हिशोबाने २१६ने भागायचं, म्हणजे दोनशे छत्तीस किलो व्हायला हवा. तेवढा तो होत नाही, कारण चिलखत तेवढं जाड नाही. खऱ्या टरेटचा पुढचा भाग १५२ मिलिमीटर जाडीचा होता. त्याचा सहावा भाग पंचवीस मिलिमीटर, माझ्या बोटाच्या एका पेराएवढी ओतीव भिंत. मी ती मोजपट्टीवर धरून पाहिली. एवढ्या जाड पोलादामागे चार माणसं बसतात, आणि तरीही ती सुरक्षित नसतात.

नगरची माणसं रणगाड्यांबरोबर वाढतात. आता शहराचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण घरात बोलताना तोंडात नगरच येतं. लष्कराच्या के. के. रेंजवर सराव असला की दूरवरून धम्म आवाज यायचा, आणि वाऱ्याची दिशा तशी असली तर फडताळातल्या लोणच्याच्या बरण्या किणकिणायच्या. आजी नुसती "झाली सुरू यांची" म्हणून पुन्हा तांदूळ निवडायला लागायची. आम्हा पोरांना त्याचं काही वाटत नसे. १९९४ मध्ये तिथे रणगाड्यांचं संग्रहालय झालं आणि लवकरच आमच्या शाळेची सहल गेली. उन्हात ओळीने उभे केलेले रणगाडे, झाडांना चुना लावलेला, कडेने आखून घेतलेले रस्ते. मी एका रणगाड्याच्या कुशीला तळवा टेकवला आणि चटका बसून मागे घेतला. बाईंनी सांगितलं, "हा सेंच्युरियन. पासष्टच्या लढाईत पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांना भारी पडला." आम्ही टाळ्या वाजवल्या. मला तो सुंदर वाटला होता, हे मी आज सांगू शकते. त्याच्या टरेटला पॅटनच्या टरेटसारखा गुळगुळीत गोलावा नाही. त्याला कोन आहेत, पेट्या टांगलेल्या आहेत, अंगावर काम केल्याच्या खुणा आहेत. मला अशी यंत्रं आवडतात. कुणीतरी त्यांच्याबरोबर राहिलं आहे असं वाटतं.

त्यात माणसं होती, हे तेव्हा मनात आलंच नाही.

परमवीरचक्र मिळवणारे अरुण खेत्रपाल, हे नाव मात्र नगरच्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. जन्म पुण्याचा. १९७१च्या जूनमध्ये पूना हॉर्समध्ये अधिकारी झाले. १८१७ मध्ये पुण्यात उभी राहिलेली ही रेजिमेंट. १९६५ मध्ये हिचेच कमांडर लेफ्टनंट कर्नल तारापोर चविंडाच्या लढाईत गेले, त्यांनाही परमवीरचक्र. खेत्रपाल नगरला तरुण अधिकाऱ्यांच्या कोर्सला आले होते, तिथूनच युद्धासाठी परत बोलावले गेले. म्हणजे त्या वर्षी ते आमच्याच गावातून, भिंगारच्याच रस्त्यांवरून वावरले असणार. १६ डिसेंबरला बसंतर नदीपलीकडे, जरपालजवळ, पॅटन रणगाड्यांचा हल्ला आला. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव 'फामागुस्ता'. तो पेटला तेव्हा मागे फिरायचा हुकूम आला, आणि त्यांनी रेडिओवर कळवलं की तोफ अजून चालू आहे, रणगाडा सोडणार नाही. वय एकवीस. ही गोष्ट आम्हाला शाळेत सांगितली गेली, आणि ती सांगावी अशीच आहे. फामागुस्ता आज नगरलाच, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे.

आजोबा गेल्यानंतरच्या आठवड्यात मी ती गोष्ट पुन्हा वाचायला घेतली, या वेळी अधिकाऱ्यासाठी नाही. सेंच्युरियनमध्ये चौघे असतात. चालक पुढे उजवीकडे. टरेटमध्ये तोफेच्या उजव्या अंगाला गनर, त्याच्या मागे वर कमांडर. आणि तोफेच्या डाव्या अंगाला एकटा लोडर, तोच रेडिओही सांभाळतो. फामागुस्ताचे चालक होते सवार प्रयाग सिंग, गनर सवार नथू सिंग. डावीकडे उभे होते सवार नंद सिंग. खेत्रपाल यांच्याबरोबर तेही त्या दिवशी गेले. ज्या रेडिओवरचं वाक्य आम्ही पाठ केलं, तो रेडिओ ज्यांच्या हाताखाली होता त्यांचं नाव मला शाळेत कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. रणगाडा म्हटलं की आम्ही एक नाव घेतो. चारजणांशिवाय तो हलत नाही, पुढच्या गोळ्याशिवाय ती तोफ नुसती नळी असते, आणि तो गोळा कुणीतरी हाताने उचलून आत सारतो.

आजोबांनी मला लोडरचं काम नंतर सावकाश सांगितलं, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून. गोळा उचलायचा, आत सारायचा, हाताची मूठ वळलेली ठेवायची म्हणजे बोटं ब्रीचच्या, तोफेच्या मागच्या बंद होणाऱ्या तोंडाच्या, वाटेत येत नाहीत, मग अंग बाजूला घेऊन ओरडायचं की भरली. तोफ सुटली की ब्रीच मागे येतो, छातीपासून वीतभर अंतरावरून, आणि गरम रिकामं काडतूस बाहेर पडतं. धुराने डोळे चुरचुरतात. बाहेर काय चाललंय ते लोडरला फारसं दिसत नाही, फक्त कानातलं ऐकू येतं. "सगळी लढाई मी त्या भिंतीकडे बघून केली असती," ते म्हणाले. लढाई त्यांच्या वाट्याला आली नाही, फक्त सराव आला, आणि याबद्दल ते देवाचे आभार मानतात. चहा करण्याचं कामही लोडरचंच. सेंच्युरियनमध्ये पाणी उकळायचं विजेचं भांडं बसवलेलं असे, म्हणजे चहासाठी चिलखताबाहेर पडायला नको. ते भांडं त्यांना माझ्या मॉडेलमध्ये पाहायचं होतं. मला वाटतं, त्या प्रश्नात तेही होतं.

हे सगळं करताना एक गोष्ट माझ्या मनात सतत उलटसुलट होत असते. आईने एकदा फोनवर विचारलं, "एवढे कष्ट घेतेस, पण शेवटी ती तोफच ना गं?" मी गप्प राहिले. ती तोफच आहे. ती माणसं मारायला बनवली आहे, आणि पॅटनमध्येही अशीच माणसं असायची, तिकडेही एक लोडर असायचा, त्याचीही आई असायची. तरी मला त्या स्प्रिंगांचं काम आवडतं, टरेट अडीच फुटांवरून पाहिलं की आवडतं, कानस हातात घेतली की मन स्थिर होतं. मी यातलं एक खोडून दुसरं ठेवायचा प्रयत्न करत नाही. इंग्लंडमध्ये अशी मॉडेलं बाळगणारे पुष्कळ लोक भेटले, आणि त्यांच्यातले जे मला जवळचे वाटले ते सगळे आतून असेच होते: हातांना आनंद आणि छातीत दगड. ज्यांना फक्त तोफेची नळी दाखवायची असते त्यांच्याशी माझं फार वेळ बोलणं होत नाही.

मग मी टरेट उघडलं. बोल्टवर उभं असल्यामुळे ते उघडता येतं, हे मी वर म्हटलंच. फिरवायची मोटार डाव्या अंगातून काढून टरेटच्या मागच्या भागात नेली. त्यासाठी तीन मिलिमीटरच्या पाटीतून नवा कंस कापला, हॅक्सॉने, कारण मला ते हातानेच करायचं होतं. रिसीव्हर इंजिनाच्या कप्प्यात गेला. बॅटऱ्या पुढे आणल्या, चालकाच्या डाव्या हाताला. खऱ्या रणगाड्यात तिथे गोळ्यांचा साठा असतो, त्यामुळे वजनही जिथे असायला हवं तिथे पडलं आणि चालताना नाक वर करायची त्याची खोड गेली. वायरी नव्याने ओढल्या. एवढं झाल्यावर डावं झाकण उघडून आत टॉर्च मारला, तर ब्रीचच्या शेजारी सहाव्या भागातल्या माणसाला उभं राहता येईल एवढी मोकळी जागा होती. सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटर उंचीच्या माणसाची. त्या प्रमाणातले सैनिकांचे पुतळे विकत मिळतात, गणवेशासकट. मी तो ठेवणार नाही. त्याला कुणाचा तरी चेहरा असेल, आणि तो चेहरा चुकीचा असेल.

रंगाचं ठरायला वेळ लागला. नगरची मुलगी म्हणून मला फामागुस्ता रंगवायचा मोह होणं साहजिक होतं, आणि भावाने तर अक्षरांचे स्टेन्सिल करून पाठवायची तयारी दाखवली होती. पण भारताकडे होता तो मार्क ७, माझं मॉडेल मार्क ५चं. मागची झाकणं वेगळी, आतली पेट्रोलची जागा वेगळी. बाहेरून पाहणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना कळलं नसतं. मला कळलं असतं. ज्या रणगाड्यात माणसं गेली त्याचं नाव दुसऱ्याच एका रणगाड्यावर लिहायचं नाही, एवढं मी ठरवलं. नुसता हिरवा रंग दिला, अॅल्युमिनियमवर आधी धातूला धरून राहणारा एच (etch) प्रायमर, मग पातळ थर, प्रत्येक थरानंतर पोलिश पेपर.

सध्या लेथवर गोळे चालू आहेत. तोफ चौऱ्याऐंशी मिलिमीटरची, म्हणजे माझ्या गोळ्याचं टोक चौदाचं, मागचं काडतूस त्याहून जाड. पितळेची कांडी चकमध्ये धरायची, आधी तोंड साफ करायचं, मग निमुळता उतार द्यायचा, मग काडतुसाचा खांदा पाडायचा. पितळ छान कापलं जातं, चुरा बारीक सोनेरी उडतो आणि केसांत अडकतो. खऱ्या रणगाड्यात साठाहून जास्त गोळे मावत. मला तेवढे नकोत. लोडरच्या हाताशी रॅकमध्ये जेवढे लागतात तेवढे करायचे, त्या रॅकला पकडी करायच्या, आणि त्याच भिंतीवर, पोहोचेल अशा उंचीला, चहाचं भांडं. भांड्याची मापं आजोबा आठवून आठवून देताहेत. काल त्यांनी झाकण उजवीकडे उघडतं असं सांगितलं होतं, आज सकाळी फोन करून म्हणाले, नाही, डावीकडे.